काकाजी, तुमचा पट्टा घेऊन आले

काकाजी, तुमचं नाव मला इथं लिहिता येत नाही. अभ्यासात आलेल्या माणसाचं नाव कुठंही उघड करायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी मी तुम्हाला वाचून दाखवला होता. तुम्ही म्हणाला होतात, "काहून बा? मी काय चोरी केली?" माणूस गेल्यावर तो नियम संपतो की राहतो, हे मी कुणाला विचारलं नाही. तुमचं फुलांचं दुकान अकोल्यातल्या कोणत्या देवळासमोर होतं तेही लिहीत नाही, नाहीतर अर्धं गाव ओळखेल. मी तुम्हाला काकाजी म्हणत होते, तेवढ्यावरच भागवून घ्या.

तुमची तेरवी होऊन आठ दिवस झाले. मी अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या खोलीत बसले आहे. खालचा ट्यूशन क्लास आत्ताच सुटला आणि पोरं गाड्या काढताना एकमेकांवर ओरडून राहिली आहेत. तुमचा पट्टा टेबलावर आहे. तो पुसून, तपासून उद्या परत द्यायचा आहे, म्हणजे दुसऱ्या पेशंटला लावता येईल. पट्टे एकूण सहाच आहेत आणि रांगेत माणसं जास्त, त्यामुळे तो ठेवून घेता येत नाही. हे काम दहा मिनिटांचं आहे, मी सकाळपासून करते आहे.

पार्किन्सनमध्ये हात थरथरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. चालता चालता पाय जमिनीला खिळतात, हे मात्र फक्त घरच्यांना ठाऊक असतं. सपाट रस्त्यावर बरा चालणारा माणूस दारात आला की तिथंच उभा राहतो, वरचं अंग पुढं जातं आणि पाय मागं राहतात. माझी पीएच.डी. त्या पायांवर आहे. पोटरीला पट्टा बांधायचा, त्यातून ठरावीक कंप द्यायचा आणि खिळलेला पाय सुटतो का ते पाहायचं. हे तुम्हाला समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही काकूंकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "जे थरथरून राहिलं त्याले आखीन थरथरवता? डोकं ठिकानावर हाय ना मॅडम?" मला हसू आलं नाही. मी तेव्हा फार गंभीर संशोधक होते. मी तुम्हाला पुस्तकी मराठीत पाच मिनिटं उत्तर दिलं आणि तुम्ही शेवटी विचारलंत, "घरी बी असंच बोलता का?"

घरी मी असं बोलत नाही, काकाजी. माझी आई मला आजही 'काय करून राहिली वं' असंच विचारते. त्या दिवसापासून तुमच्यासमोर माझी शुद्ध मराठी सुटली.

संमतीपत्रावर तुमची सही घेतली तो दिवस मला सारखा आठवतो. मी सांगितलं होतं की अभ्यास बारा आठवड्यांचा आहे, दर चार आठवड्यांनी चालण्याचं मोजमाप म्हणजे रीडिंग घ्यायचं, आणि पट्टे दोन प्रकारचे आहेत. एक खरा कंप देतो, दुसरा नुसता गुणगुणतो. कुणाला कोणता मिळाला हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. यादी एका सरांकडे पाकिटात बंद आहे.

"म्हंजे मले खोटावाला बी भेटू शकते?"

"हो, काकाजी."

"मंग खोटावाल्याले काय फायदा?"

मी म्हणाले, त्याला नाही, त्याच्या नंतरच्या लोकांना. तुम्ही विचारात पडलात. तुमच्या दुकानात तुम्ही प्लास्टिकचा हार कधी ठेवला नाही, गाडी सजवणारे लोक मागायला आले तरी. "खोटं फूल देवाले चालत नाई, मंग माणसाले कसं चालते?" असं म्हणालात. मी लगेच म्हणाले, खरं कोणतं ते कळण्यासाठीच खोटं लागतं, त्याच्याशिवाय शास्त्रच होत नाही. हा आपला वाद पुढं दर मंगळवारी चालला. मी अमरावतीहून एसटीनं यायची, बडनेरा, मूर्तिजापूर करत, आणि मूर्तिजापूरच्या स्टँडवर तुमच्यासाठी नवीन मुद्दा तयार करून ठेवायची. तो वाद मी जिंकले असं मला वाटायचं. शेवटी तुम्ही सही केलीत. पहिलं अक्षर मोठं आणि शेवटचं मुंगीएवढं. या आजारात अक्षर असंच लहान होत जातं. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, "जागा वाचली."

एक गोष्ट तुमच्याकडून शिकले, ती सांगायची राहून गेली. दारात तुमचे पाय खिळले की मी सवयीनं 'चला काकाजी, चला, चला' म्हणायची. तुम्ही एकदा तिथंच उभ्या उभ्या, कपाळावर घाम, म्हणालात, "माह्या पायाले चला म्हनू नका. त्याले ऐकू येते, मंग तो आखीनच अडून बसते." तेव्हापासून मी गप्प बाजूला उभी राहते. फिजिओथेरपीच्या कॉलेजात मुलांनाही मी हेच शिकवते, आणि कुणाचं म्हणून सांगत नाही, कारण नाव सांगायचं नाही. पण ते तुमचं आहे. तुम्ही गेल्यावर पहिला तास घेतला तेव्हा हे वाक्य बोलताना मी मधेच थांबले. मुलांना वाटलं, मॅडम विसरल्या.

आता ती गोष्ट, जी मला लिहायची आहे आणि मी तिच्याभोवती फिरते आहे.

चौथ्या आठवड्याचं रीडिंग होतं. अकोल्यातल्या आमच्या तपासणी केंद्रातल्या त्या लांब खोलीत मी भिंतीवर अंतराच्या खुणा केलेल्या, टोकाला दार, दारातून पलीकडं जायचं, वळायचं, परत यायचं. पहिल्या रीडिंगला त्या दारात तुम्ही इतके उभे राहिलात की मी घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं होतं. आणि त्या दिवशी तुम्ही सरळ गेलात. पाय उचललात, दार ओलांडलंत, वळलात, आलात. माझा विश्वास बसेना. मला उड्या माराव्याशा वाटल्या. पट्टा खरा निघाला, माझा अभ्यास खरा निघाला, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. आणि मग मी पाहिलं, काकू दारापाशी वाकून काहीतरी उचलत होत्या. झेंडूचं फूल. उचललं, कपाळाला लावलं आणि पदराच्या टोकात बांधलं.

विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. घरी त्या रोजच असं करायच्या. तीन पिढ्यांचं फुलांचं घर. तुमच्याकडे जमिनीवर पडलेल्या फुलाला पाय लावत नाहीत. पडलं तर वाकून उचलायचं, कपाळाला लावायचं, बाजूला ठेवायचं. काकूंच्या एकदा लक्षात आलं होतं की खिळलेल्या पायापुढं फूल पडलं की तुमचा पाय आपोआप वर उचलतो आणि फुलापलीकडं पडतो. डोकं जे सांगू शकत नव्हतं ते सवय सांगत होती. तेव्हापासून मोरीच्या दाराशी, खोलीच्या दाराशी, पायरीवर, जिथं अडता तिथं त्या एक झेंडू ठेवायच्या. "मले वाटलं, परीक्षा हाय तं एक ठेवावं इथं बी," त्या म्हणाल्या. तुम्ही शाळेतल्या पोरासारखे खाली पाहत होतात.

काकाजी, हे शास्त्रात आहे. पायापुढं एखादी खूण दिसली, रेघ दिसली, काठी आडवी दिसली की अडलेला पाय उचलतो. मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे शिकवते. काकूंनी ते स्वतः शोधलं होतं, कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं, कारण रेघेवर पाय पडला तर काही बिघडत नाही, फुलावर पडून चालत नाही. मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं.

मी चिडले. माझं रीडिंग बिघडलं होतं. कंपाचा परिणाम किती आणि फुलाचा किती, हे आता कसं वेगळं काढणार? मी आवाज चढवला, मला आठवतं. म्हणाले, काकू, असं करू नका, माझा अख्खा अभ्यास वाया जाईल. मग तुम्हाला पुन्हा चालवलं, फुलाशिवाय. तुम्ही दारात अडलात. बाहेर दोन माणसं बाकावर बसली होती, ती पाहत होती. मी गप्प उभी राहिले, 'चला' म्हटलं नाही, तेवढं शहाणपण होतं. आलेला आकडा लिहून घेतला.

आणि मग मी सांगितलं की बारा आठवडे पुरे होईपर्यंत घरीसुद्धा फुलं ठेवायची नाहीत. अभ्यासाच्या नियमांत असं काही लिहिलेलं नव्हतं. नियम एवढाच होता की मधे नवीन उपचार सुरू करायचा नाही. तुमचं फूल जुनं होतं. ही बंदी माझ्या मनाची होती, तोंडी होती, आणि आपल्या तिघांशिवाय ती कुणाला माहीत नाही.

काकूंनी विचारलं, "अन् घरी पडले तं?"

मी म्हणाले, "पट्टा आहे ना, काकू."

आठव्या आठवड्याला तुम्ही थोडे बरे चाललात. आकडा खरंच बरा होता, मी दोनदा पाहिला. "फरक हाय," तुम्ही म्हणालात, "पायाले जाग आल्यावानी वाटते." मी तसं लिहून घेतलं. तुम्ही ते खरं बोललात की माझं तोंड पाहून बोललात, हे मला आता कधीच कळणार नाही. त्या दिवशी तुम्ही काकूंना माझ्यासाठी शेवंतीचा गजरा करायला लावला होता. तुमच्या बोटांनी दोरा धरवत नव्हता, पण फुलं तुम्ही निवडली होती. परतीच्या बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, कुठून घेतला हो, मस्त वास सुटला आहे.

दहाव्या आठवड्यात फोन आला. मोरीच्या दारात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी तुम्हाला अमरावतीला आणलं आणि मला वाटलं, चला, निदान जवळ आले. मी रोज येत होते. कसं पडलात विचारलं तर म्हणालात, "पाय अडकला." काकू खिडकीकडे पाहत राहिल्या. मी पुढं विचारलं नाही. मला भीती वाटत होती की तुम्ही फुलाचं नाव काढाल. तुम्ही काढलं नाहीत. तुम्हाला काळजी होती ती बाराव्या आठवड्याची. "मॅडम, एक रीडिंग राह्यलं ना. खाटेवर घेता येते का?" मी म्हणाले, राहू द्या काकाजी. तुम्ही पलंगावरही पट्टा बांधा म्हणून हट्ट केलात आणि सिस्टरनं तो काढून उशाशी ठेवला. मग छातीत कफ भरला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, छाती मोकळी करणं माझं रोजचं काम. पाठीवर थापट्या देत होते, श्वास घ्यायला सांगत होते, तुम्ही घेत होतात, आणि ते पुरत नव्हतं. इतकी वर्षं शिकले आणि तुमच्या पाठीवर माझे हात नुसते हात होते. चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

अभ्यासातला माणूस गेला की त्याच्यापुरतं पाकीट उघडतात. यादीवाल्या सरांनी उघडलं. तुमचा पट्टा नकली होता.

माझे मार्गदर्शक चांगले आहेत. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि सांगितलं, "हे बघ, नकली पट्टा होता, म्हणजे त्यानं काही होणं शक्यच नाही. मनाला लावून घेऊ नकोस." एक फॉर्म भरायचा असतो. त्यात शेवटी एक ओळ असते: घटनेचा अभ्यासाशी संबंध. पुढं तीन चौकटी. आहे, नाही, सांगता येत नाही. मार्गदर्शकांनी पेन पुढं केलं. पट्ट्यानं काहीच केलं नव्हतं, ते बरोबरच बोलत होते. मी 'नाही'वर खूण केली. बंदीबद्दल लिहायला त्या फॉर्मवर जागा नव्हती, आणि खरं सांगते, असती तरी त्या क्षणी मी लिहिलं नसतं. मला माझी पीएच.डी.ची पाच वर्षं दिसत होती.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच हिशेब आहे. जे चालत होतं ते मी तुमच्याकडून काढून घेतलं आणि जे चालत नव्हतं ते बांधलं. तुम्ही विचारलं होतंत, खोटावाल्याले काय फायदा. मी शास्त्र सांगितलं होतं. आता तुम्ही समोर असतात तर तो वाद मी हरले असते आणि तुम्ही बिडी मागितली असती, डॉक्टरनं मना केलेली, आणि मी दिली असती.

ठरवलं, काकूंना सांगायचं. निदान त्यांना तरी. तेरवीनंतर चार दिवसांनी, मंगळवार होता, नेहमीच्याच बसनं निघाले. पट्टा परत आणायचा होता, तेही निमित्त होतं. बडनेरा सोडलं तेव्हापासून वाक्यं जुळवत होते. काकू, पट्टा नकली होता. काकू, फुलं बंद करायला मी सांगायला नको होतं. काकू, चूक माझी आहे. तीन वाक्यं, काही अवघड नव्हती. मूर्तिजापूरपर्यंत ती पाठ झाली.

काकू खाटेवर बसून फुलं ओवत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, आत गेल्या आणि पट्टा घेऊन आल्या. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला. म्हणाल्या, "रोज चार्ज करून ठेवते. सवय पडली ना." पट्ट्यावरचा दिवा हिरवा होता. मी तो हातात घेतला आणि पहिलं वाक्य तोंडात आणलं.

"मॅडम, मले तुमाले एक सांगाचं हाय," काकूच म्हणाल्या. "रागावू नका."

मी पट्टा खाटेवर ठेवला.

"त्या रोजी सकाळी ते मोरीच्या दारात लय येळ उभे होते. पाय सुटेच ना. माह्याच्यानं पाहवलं नाई. मी देवापासचं एक फूल आनलं अन् त्यायच्या पायापुढं ठेवलं. तं माह्यावरच चिडले. म्हने, 'उचल ते. पोरीनं नाई म्हनलं ना? तिचा अभ्यास बिघडते.' मी म्हनलं, राहू द्या, इथं कोन पाहून राह्यलं? माह्या दोनी हातात बादली होती. तं स्वताच वाकले, फूल उचलाले. वाकले अन् तसेच पडले."

तुम्ही पाय अडकला म्हणाला होतात, काकाजी. तुम्ही काकूंना वाचवत होतात आणि मलाही.

"मी नसतं ठेवलं तं ते वाकले नसते," काकू म्हणत होत्या. "तुमी नाई म्हनलं होतं, तरी ठेवलं. तुमचं ऐकलं नाई म्या. तुमचा अभ्यास बी गेला अन् माहा मानूस बी गेला. कोनाजवळ बोलली नाई आजलोक. मले माफ करा, मॅडम." आणि त्यांनी हात जोडले. माझ्या आईच्या वयाची बाई, हाताला फुलांचा रंग लागलेला, माझ्यासमोर हात जोडून उभी.

माझी तीन वाक्यं तयार होती. ती बोलायची हीच वेळ होती, याच्याइतकी योग्य वेळ दुसरी नव्हती. मी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "जाऊ द्या, काकू. तुमी काही मुद्दाम केलं का?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं असावं, चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाल्या, "तुमचं मन मोठं हाय." चहा ठेवला. मी तो प्यायले. पट्टा पिशवीत टाकला आणि चारची बस पकडली.

काकाजी, काकूंनी माझी माफी मागितली. आणि मी त्यांना माफ करून आले.